अंधार आधी, प्रोजेक्टर मग

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. एवढी एक गोष्ट नीट कळली तरी दुकानात होणाऱ्या निम्म्या फसगतीतून माणूस सुटतो. यंत्र भिंतीवर फक्त उजेड टाकतं. चित्रात जिथे काळं हवं तिथे ते काहीच टाकत नाही, आणि मग तिथे आपल्या खोलीत आधीपासून जेवढा उजेड आहे तेवढा दिसतो. खिडकी उघडी असेल तर नायिकेचे केस, भूमितीच्या आकृतीतल्या रेघा, सिनेमातली मध्यरात्र, सगळं भिंतीसारखं राखाडी होऊन जातं. अशा वेळी दुकानदार सांगतो, "साहेब, जास्त लुमेनचा घ्या." बहुतेक वेळा त्याआधी घ्यायची वस्तू वेगळीच असते. ती म्हणजे जाड काळं कापड.

जुन्या खेळवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने खेळ करत. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं ते दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडत. पुढे गावोगावच्या जत्रांतून टुरिंग टॉकीज फिरू लागल्या. तंबू दुपारीच उभा राहायचा, कर्णा दुपारपासून ओरडायचा, पण खेळ मात्र दिवस मावळल्यावर. कापडी तंबूत दुपारी पडदा धुतल्यासारखा पांढरा दिसतो हे त्या मालकांना पक्कं ठाऊक होतं. आज हातात मावेल एवढं यंत्र आलं, तरी उजेडाचा हिशेब तोच राहिला आहे.

तो हिशेब आकड्यांत करू. यंत्रातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते लुमेनमध्ये मोजतात आणि भिंतीच्या एका चौरस मीटरवर त्यातला किती पडतो ते लक्समध्ये. १०० इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०० इंच. तो सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच होतो, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर ३०० लुमेनचं स्वस्त यंत्र लावलं तर भिंतीवर साधारण १०० लक्स पडतात. आता खोलीत खिडकीतून येणारा उजेडही भिंतीवर १०० लक्सच आहे असं धरा. चित्रातला पांढरा भाग २००, काळा भाग १००. पांढरं काळ्याच्या फक्त दुप्पट! असं चित्र बघवत नाही. तुम्ही दहापट ताकदीचं, ३,००० लुमेनचं यंत्र आणलंत तर पांढरं ११०० आणि काळं १००, म्हणजे अकरापट. उलट, जुनंच यंत्र ठेवून खिडक्यांना पडदे लावले आणि खोलीतला उजेड ५ लक्सवर आणला, तर पांढरं १०५, काळं ५. एकवीसपट! काही हजारांचं यंत्र आणि काही शेकड्यांचं कापड मिळून चाळीस हजारांच्या यंत्राला मागे टाकतात. या प्रकरणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे त्रैराशिक राहू द्या.

मात्र या युक्तीला मर्यादा आहे. घरात सिनेमा बघताना खोली काळी करणं सोपं, पण शिकवणीत लेकरांना वही दिसायला हवी. तिथे मधला मार्ग असा की पडद्याजवळच्या खिडक्या पूर्ण झाकायच्या, फळ्यावरची ट्यूब बंद ठेवायची आणि मागच्या बाकांवरची चालू ठेवायची. भिंतीवर थेट पडणारा उजेड तेवढा तोडायचा असतो. खोली अमावस्येसारखी करायची गरज नाही. आणि पत्र्याच्या खोलीत भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून एका खिडकीएवढा उजेड येतो, तिकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. पाच-सात हजारांच्या यंत्रावर ९,०००, १२,००० असे लुमेन छापलेले दिसतात. मोठ्या कंपनीच्या चाळीस हजारांच्या यंत्रावर मात्र ३,३०० एवढेच. हा चमत्कार नाही, मोजण्याची जागा बदललेली आहे. स्वस्तवाला बरेचदा आतल्या एलईडीचा सैद्धांतिक उजेड सांगतो, काही जण तर मनालाच विचारून आकडा छापतात. भिंतीवर प्रत्यक्ष किती पोहोचतं ते मोजायची पद्धत ठरलेली आहे. पडद्याचे तीन गुणिले तीन असे नऊ चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजायचे, सरासरी काढून पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. या पद्धतीने आलेल्या आकड्यापुढे 'अन्सी लुमेन' असं लिहितात. 'आयएसओ २१११८' या मानकाचा उल्लेख असेल तरी चालेल. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर खोक्यावरचा आकडा विसरून जा आणि यंत्र दोन-तीनशे अन्सी लुमेनचं आहे असंच समजून चाला. बहुधा तुमची निराशा होणार नाही, उलट एखादे वेळी आनंदच होईल.

दुसरी फसगत 'फुल एचडी सपोर्ट' या शब्दांत असते. सपोर्ट म्हणजे एवढंच की १९२० बाय १०८० चं चित्र यंत्र आत घेतं. बाहेर किती ठिपक्यांत टाकतं ते निराळं. ते ८०० बाय ४८० असू शकतं. विचारायचं ते 'नेटिव्ह' रिझोल्यूशन. सिनेमा बघणाऱ्याला हा फरक एखादे वेळी चालून जाईल, मराठी शिकवणाऱ्याला चालणार नाही. इंग्रजी अक्षरं मोकळीढाकळी असतात. देवनागरीत एकाच अक्षरावर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार अशी गर्दी होते. ८०० बाय ४८० वर 'र्थीं' असं काही आलं की मागच्या बाकावरचा मुलगा अंदाजाने वाचतो. शिकवणीसाठी १०२४ बाय ७६८ च्या खाली उतरू नका. १२८० बाय ८०० मिळालं तर उत्तम.

यंत्राच्या पोटात चित्र कसं तयार होतं यालाही महत्त्व आहे, विशेषतः शेतीशी संबंधित धंदा करणाऱ्यांसाठी. बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत. सर्वांत स्वस्तात काचेची एकच एलसीडी पट्टी असते आणि तिच्या मागे एलईडी. दुसरी डीएलपी. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये केलेल्या शोधावर ती उभी आहे. नखाएवढ्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात, १०२४ बाय ७६८ च्या यंत्रात ७ लाख ८६ हजार ४३२, आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलंडून आपला ठिपका उजळ किंवा काळा करतो. तिसरी थ्री-एलसीडी. तिच्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन वेगळ्या पट्ट्या असतात. एप्सनची बहुतेक यंत्रं या जातीची.

फरक कुठे पडतो? ऑफिससाठी बनवलेल्या बऱ्याच डीएलपी यंत्रांत रंगांच्या फिरत्या चकतीवर एक पांढरा तुकडाही घातलेला असतो. त्यामुळे पांढरं पान झगझगीत दिसतं आणि लुमेनचा आकडा फुगतो, पण रंग त्या मानाने मंद पडतात. सर्वांत जास्त मार बसतो पिवळ्याला. सोयाबीनच्या पानावरचा पिवळा मोझॅक शेतकऱ्यांना दाखवायचा आहे आणि पडद्यावर पान शेवाळी दिसतं आहे, तर त्या बैठकीला अर्थ काय? आपल्या बिलोली तालुक्यात सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि अशा केंद्रांच्या प्रशिक्षणांत रोगाचं पान, अळी, डाग हे सगळं पडद्यावरच दाखवावं लागतं. कृषी सेवा केंद्रवाले, बियाण्यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी, फोटो स्टुडिओवाले यांनी थ्री-एलसीडी घ्यावा, किंवा डीएलपी घेतला तर त्याची सेटिंग 'ब्राइट'वरून 'सिनेमा'वर आणून रंग बघून घ्यावेत. हिशेब आणि व्याकरण शिकवणाऱ्या सरांना याची फिकीर नको.

पडदा किती मोठा हवा हे शेवटच्या बाकावरून ठरवतात. वाचायचा मजकूर असेल तर शेवटचा माणूस पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा, असा ढोबळ नियम आहे. समजा बिलोलीतल्या एका शिकवणीची खोली २४ फूट लांब आहे. सहाने भागा, चार फूट उंची आली, म्हणजे बरोबर १०० इंची पडदा. याच नियमाने ४३ इंची टीव्ही साडेदहा फुटांपर्यंत वाचता येतो आणि ५५ इंची साडेतेरा फुटांपर्यंत. म्हणून मी अनेकांना प्रोजेक्टर घेऊच नका म्हणून सांगतो. दहा-बारा मुलांची लहान शिकवणी, दवाखान्याची प्रतीक्षा-खोली, रस्त्याकडे तोंड असलेलं कापडाचं किंवा मोबाइलचं दुकान, या ठिकाणी दिवसा उजेडात चालणारा टीव्ही स्वस्त पडतो, चांगला दिसतो आणि बिघडला तर तालुक्याच्या गावातच दुरुस्त होतो. समोर पंचवीस-तीस माणसं बसणार असतील तर मात्र प्रोजेक्टरला तोड नाही.

मग अंतर मोजायचं. पडद्याच्या रुंदीच्या किती पट लांब यंत्र ठेवावं लागतं त्याला 'थ्रो रेशो' म्हणतात. तो दीड असेल तर सव्वासात फूट रुंदीसाठी यंत्र अकरा फुटांवर हवं. मोठ्या खोलीत ते छताला टांगता येतं. दहा बाय बाराच्या घरात मात्र यंत्र समोरच्या भिंतीला टेकतं आणि माणसं त्याच्या पुढ्यात बसतात. घरासाठी ८० इंचांवर समाधान माना. यंत्र पावणेनऊ फुटांवर येतं आणि तोच उजेड लहान जागेत पडल्याने चित्र दीडपट उजळ होतं. अर्ध्या रेशोची 'शॉर्ट थ्रो' यंत्रं पावणेचार फुटांवरून १०० इंच भरतात आणि शिकवणाऱ्याची सावली पडद्यावर पडत नाही, पण किंमत खिशाला झेपत नाही. यंत्र तिरकं ठेवून 'कीस्टोन'ने चित्र सरळ करण्याची सोय सगळे देतात. तिचा मोह आवरा. कीस्टोन चित्र सरळ करतो तो ठिपके कापून, आणि आधीच ठिपके कमी असले तर अक्षरं आणखी विरघळतात.

विजेबद्दल आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. तरीही यंत्र निवडताना हा प्रश्न मागे राहतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. तो अडीचशे-तीनशे वॅट ओढतो, तीन ते सहा हजार तास चालतो आणि गेला की नवा दिवा हजारोंच्या घरात जातो. ऐन तासाला लाईट गेली की पंखा थांबतो, दिवा तापलेला राहतो, आणि लाईट आली तरी तो निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. मुलं तोवर गप्पांत रंगलेली. एलईडी आणि लेसरची यंत्रं लगेच सुरू होतात आणि त्यांचं आयुष्य वीस हजार तासांच्या आसपास सांगतात. घरच्या इन्व्हर्टरला १५० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर कागदावर १,८०० वॅट-तास भरतात, हाती बाराशे लागले तरी पुष्कळ. त्यावर दिव्याचा प्रोजेक्टर एकटा चार तास चालेल, पंखे आणि ट्यूब जोडल्या तर बराच कमी. ८० वॅटचं एलईडी यंत्र निवांत चालतं. वेगळा स्टॅबिलायझर घेण्याची गरज सहसा नसते, कारण बहुतेक यंत्रं १०० ते २४० व्होल्टवर चालतात. स्पाइक गार्ड मात्र लावा.

आमच्या उन्हाळ्याचा धाक वेगळाच. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की यंत्र ३५ ते ४० अंशांपर्यंतच वापरा. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात सावलीतलं तापमान ४२ च्या पुढे जातं आणि पत्र्याखाली हात लावला तर चटका बसतो. गरम हवा वर जमते आणि आपण यंत्र नेमकं वरच टांगतो! पत्र्याचं छत असेल तर यंत्र दोन-अडीच फूट खाली उतरवा आणि त्याच्या झडपांसमोर भिंत येऊ देऊ नका. धूळ हा दुसरा शत्रू. स्वस्त एलसीडी यंत्रांचा आतला भाग उघडा असतो, पंख्याने ओढलेली धूळ थेट पट्टीवर बसते आणि पडद्यावर कायमचे डाग उमटतात. 'सील्ड इंजिन' लिहिलेलं यंत्र थोडं महाग असलं तरी काळ्या मातीच्या मुलखात तेच घ्यावं. जाळी असेल तर महिन्यातून एकदा झटकावी. शेजारी मिरचीचा कांडप असेल तर आठवड्याला.

शाळांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा ही आदिवासी वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी प्रोजेक्टरच्या मदतीने डिजिटल वर्ग उभा केला आणि तो पाहायला राज्यभरातले शिक्षक जाऊ लागले. पुढे २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर लोकवर्गणीतून गावोगावच्या शाळांत प्रोजेक्टर आले. कौतुकाची गोष्ट होती. पण वर्गणी गोळा करताना यंत्राची किंमत धरली जाते, पाच वर्षांनंतरच्या दिव्याची आणि विजेच्या बिलाची धरली जात नाही. वर्गणीतून घेताय तर एक नवा दिवा पहिल्याच खरेदीत घ्या, नाहीतर एलईडी-लेसरकडे वळा.

घरासाठी घेणाऱ्यांना अँड्रॉइड असलेली, वाय-फाय, ब्लूटूथ आणि स्वतःहून फोकस करणारी छोटी यंत्रं भुरळ घालतात. वाईट नाहीत. फक्त दोन गोष्टी तपासा. परवाना नसलेल्या यंत्रांवर काही ओटीटी ॲप चालत नाहीत किंवा हलक्या दर्जाचं चित्र देतात, आणि मोबाइलवरचं चित्र पडद्यावर पाठवायला गेलं तर काळा चौकोन दिसतो. नामांकित कंपनीची वेगळी टीव्ही स्टिक एचडीएमआयला लावली की हा प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे आवाज. तीन-पाच वॅटचा आतला स्पीकर अंगणात ऐकू येत नाही. घरातला ब्लूटूथ स्पीकर किंवा भजनी मंडळाचा साउंड बॉक्स जोडा. आणि मॅच घरच्या ओसरीवर चारचौघांना दाखवणं वेगळं, तिकीट लावून सिनेमा दाखवणं वेगळं. त्याला राज्याच्या १९५३ च्या सिनेमा कायद्याखाली परवाना लागतो, चित्रपटाचे हक्क निराळे.

जुनं यंत्र घ्यायचं ठरवलंत तर मेनूत जाऊन दिव्याचे तास बघा, पण त्यावर विसंबू नका, कारण ते शून्यावर आणता येतात. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं पान लावून पाहा. डीएलपीत पांढरे किंवा काळे ठिपके अडकलेले दिसले तर आरसे मेलेत. एलसीडीत पिवळसर किंवा निळसर ढग दिसला तर आतली पोलरायझर फिल्म जळली आहे. दोन्हींची दुरुस्ती परवडत नाही.

किमतींचा साधारण अंदाज असा. रात्री घरात सिनेमा, मुलांची गाणी, अधूनमधून क्रिकेट एवढ्यासाठी आठ ते पंधरा हजारांत सील्ड इंजिनचं, नेटिव्ह फुल एचडी, तीन ते पाचशे अन्सी लुमेनचं एलईडी यंत्र पुरतं. दिवसा चालणारी शिकवणी, मंगल कार्यालय, प्रशिक्षणाची खोली यांना ३,००० लुमेनच्या वरचंच घ्या आणि त्यासाठी पस्तीस-पन्नास हजारांची तयारी ठेवा. मधल्या वीस-पंचवीस हजारांत मिळणारी देखणी, खिशात मावणारी यंत्रं माझ्या मते आपल्या कामाची नाहीत. घराला ती गरजेपेक्षा महाग आणि वर्गाला मंद. भिंतीला पांढरा, चमक नसलेला रंग द्या आणि कडेने चार बोटं काळी पट्टी ओढा. विकतच्या पडद्याचे पैसे वाचतील.

खरेदीला नांदेडला जा किंवा बोधनवरून निजामाबादला, पण सोबत पेनड्राइव्ह न्या. त्यात चारही कोपऱ्यांत बारीक मराठी मजकूर असलेलं एक पान, एक कोरं काळं पान आणि पिवळ्या पानाचा एक फोटो असू द्या. हलक्या भिंगाची यंत्रं मध्यभागी फोकस धरतात आणि कोपऱ्यात सोडतात, ते तिथल्या तिथे कळेल. दुकानातला अंधारा कोपरा सोडून यंत्र दिव्याखाली दाखवायला सांगा. सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. यंत्र मुंबईला पाठवावं लागणार असेल तर तो खर्चही किमतीत धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तेव्हा जुना दर लावलेला भाव मान्य करू नका, आणि मॉडेल व सिरीयल क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.